दिलेला वेळ आणि घेतलेला वेळ



आपल्या खिशातून कोणी न विचारता पंचवीस रुपये काढून घेतले, तर त्याला काय म्हणायचे हे लहान मूलही सांगेल. पण कोणी न विचारता आपली पंचवीस मिनिटे घेतली, तर? बहुतेक वेळा आपण काहीच म्हणत नाही. घड्याळाकडे पाहतो, शेजारच्याकडे बघून कसनुसे हसतो आणि गप्प बसतो. रुपये परत मिळू शकतात, मिनिटे परत मिळत नाहीत, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तरीही रुपयाच्या चोरीला आपल्याकडे नाव आहे आणि वेळेच्या चोरीला नाही. असे का, याचा विचार या लेखात आपण मिळून करू या.

निमित्त अगदी साधे आहे. चित्रपट सुरू होण्याआधी दाखवल्या जाणाऱ्या लांबलचक जाहिराती. अध्यात्माच्या संकेतस्थळावर सिनेमाचा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ साधकांना वाटेल. पण आपल्या घरातली मुले, भाचवंडे, सुना सिनेमाला जातात, अधूनमधून आपणही जातो. आणि नीतीचा प्रश्न जिथे उभा राहतो तिथेच त्याचा विचार करावा लागतो. तो नेहमी देवळाच्या पायरीवर उभा राहत नाही.

बंगळुरूचा खटला

बंगळुरूतील एका तरुणाने २६ डिसेंबर २०२३ या दिवसाची ‘सॅम बहादुर’ या चित्रपटाची तीन तिकिटे काढली होती. पीव्हीआर-आयनॉक्स कंपनीच्या चित्रपटगृहातला हा खेळ दुपारी ४ वाजून ५ मिनिटांचा होता. साडेसहाच्या सुमारास चित्रपट संपेल आणि मग आपल्या कामाला जाता येईल, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात साडेचारच्या सुमारापर्यंत जाहिराती आणि येणाऱ्या चित्रपटांचे ट्रेलर चालू राहिले, आणि त्यानंतर चित्रपट सुरू झाला. पुढची कामे चुकली. त्याने ग्राहक आयोगाकडे दाद मागितली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या जिल्हा ग्राहक आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आजच्या काळात वेळ म्हणजे पैसाच आहे आणि दुसऱ्याच्या वेळेतून व पैशातून लाभ उठवण्याचा हक्क कोणालाही नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तक्रारदाराला भरपाई द्यावी, ग्राहक कल्याण निधीत एक लाख रुपये भरावेत आणि तिकिटावर चित्रपट सुरू होण्याची खरी वेळ द्यावी, असे आयोगाने सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. एका ग्राहकाची तक्रार आयोगाने जनहित याचिकेसारखी हाताळली, आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले, असे उच्च न्यायालयाचे प्रथमदर्शनी मत पडले.

आयोगाचा अधिकार कुठवर पोहोचतो हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो न्यायालयानेच सोडवायचा. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. कायदा काहीही म्हणो, त्या दुपारी त्या सभागृहात जे घडले ते योग्य होते का?

जाहिराती पूर्वीही होत्याच

इथे कोणी म्हणेल, सिनेमाआधी काही ना काही दाखवण्याची पद्धत जुनीच आहे. हे खरे आहे. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. त्यानंतर कित्येक वर्षे वृत्तपट आणि माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि त्याचे भाडेही चित्रपटगृहांनाच भरावे लागे. गावातल्या कापड दुकानांच्या, सराफांच्या काचेच्या स्लाइड पडद्यावर येत. विको वज्रदंतीची जाहिरात तर आपल्या आईवडिलांच्या पिढीला आजही पाठ आहे, आणि तिच्याविषयी त्यांच्या मनात राग नाही, उलट जिव्हाळाच आहे.

आजही काही गोष्टी कायद्याने किंवा लोकहितासाठी दाखवाव्या लागतात. ज्या चित्रपटात तंबाखूचा वापर दिसतो, त्याच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी किमान ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश दाखवण्याचा नियम आहे, आणि शिवाय २० सेकंदांची सूचना. गुटख्यामुळे ऐन तारुण्यात गेलेल्या मुलाची ती चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पाहून एकाने जरी पुडी फेकली असेल, तरी ती मिनिटे सत्कारणी लागली असे मी म्हणेन. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. चित्रपटगृहात ते वाजवण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काढून टाकली, तरी अनेक ठिकाणी ते आजही वाजते आणि लोक आनंदाने उभे राहतात.

ही सगळी बेरीज केली तरी काही मोजकी मिनिटे होतात. ‘नियमच आहे’ हे कारण त्या मोजक्या मिनिटांपुरते पुरते. बाकीची वीस मिनिटे मोटारगाड्या, रंग, दागिने, विमा आणि सदनिकांसाठी असतात.

बड़ा फुहाऱ्याची हाक

मी जबलपूरला राहते. आमच्या शहराच्या जुन्या भागात बड़ा फुहारा हा चौक आहे. मधोमध कारंजे, चारी बाजूंनी बाजार, जवळच सराफा आणि कमानिया गेट. सणासुदीला तिथून पायी जायलाही वाट मिळत नाही. दुकानांच्या दारात उभे असलेले कामगार येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत असतात, “आइए दीदी, देख तो लीजिए.” घरी मराठी बोलणारी आमची कुटुंबेही या हाकेला हिंदीतच उत्तर देतात, “नहीं भैया,” आणि पुढे जातात.

आता विचार करा. ही हाक म्हणजे जाहिरातच आहे. ती मोठ्या आवाजात आहे, न विचारता आलेली आहे, आणि एका फेरीत पन्नासदा ऐकू येते. तरीही त्या बाजारातून घरी आल्यावर आपला वेळ कोणी चोरला असे वाटत नाही. कारण त्या माणसाने आपल्याला बोलावले, अडवले नाही. ‘नाही’ म्हणण्याची जागा त्याने आपल्यासाठी मोकळी ठेवली होती. आपण ‘नाही’ म्हणालो तेव्हा त्याने हात धरला नाही.

चित्रपटगृहात ही जागा नसते. दिवे मालवलेले असतात, आवाज आपल्या हातात नसतो, पान उलटता येत नाही, वाहिनी बदलता येत नाही. उठून बाहेर जावे, तर चित्रपट नेमका कधी सुरू होणार हे कोणी सांगितलेले नसते. शिवाय पैसे आधीच दिलेले असतात. वर्तमानपत्रातही जाहिराती असतात, पण वाचकाची नजर वाचकाच्याच ताब्यात असते. दूरदर्शनवर जाहिरात लागली की घरोघरी माणसे पाणी प्यायला उठतात. पैसे घेऊन, दार लावून, अंधारात बसवून जेव्हा जाहिरात दाखवली जाते, तेव्हा ती हाक राहत नाही.

यातून एक कसोटी हाती लागते. माझा वेळ कोणी मागितला की घेतला? आणि मला ‘नाही’ म्हणता आले असते का?

सेवेतला वेळ का जड वाटत नाही?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि या संकेतस्थळासाठी हिंदी लेखांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. एका लेखाला कधी तीन संध्याकाळी लागतात. एखादा शब्द अडला तर तासभर त्याच्यामागे जातो. या वेळेचे पैसे मिळत नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. आपणही कोणी सत्संगाच्या सतरंज्या अंथरता, कोणी रुग्णांना डबे पोहोचवता, कोणी मुलांचे संस्कारवर्ग घेता. महिन्याचे किती तास गेले, याची वही आपण ठेवत नाही.

आणि तरीही सिनेमागृहातली पंचवीस मिनिटे आपल्याला बोचतात. यात विसंगती आहे का? मला वाटते, नाही. सेवेत आपण वेळ देतो. तिथे आपल्याकडून वेळ घेतला जातो. दानाची थोरवी देणाऱ्याच्या इच्छेत असते. ज्या शंभर रुपयांचे दान केल्यावर मन हलके होते, तेच शंभर रुपये खिशातून चोरीला गेले तर मन खट्टू होते. रक्कम तीच, फरक संमतीचा.

व्यापाराच्या कायद्यात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की मुक्त संमतीशिवाय खरा करार होत नाही. पूर्ण माहिती न देता घेतलेली संमती कच्ची असते. तिकिटावर ४ वाजून ५ मिनिटे छापायचे आणि चित्रपट साडेचारला दाखवायचा, म्हणजे ग्राहकाने ज्याला होकार दिला त्याहून वेगळेच त्याच्या हाती ठेवायचे.

अस्तेय आणि सत्य

आपल्या परंपरेत पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांमध्ये सत्य आणि अस्तेय शेजारी शेजारी येतात. अस्तेय म्हणजे चोरी न करणे. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर आठवड्याला साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्यात अस्तेयाचा अर्थ त्यांनी खूप पुढे नेला. जी वस्तू आपल्याला गरजेची नाही ती घेणे हीसुद्धा चोरीच, मग ती परवानगीने घेतलेली का असेना, असा त्यांचा विचार होता. ही मोजपट्टी लावली तर वेळही तिच्यातून सुटत नाही.

आणि सत्य? इथे मला आशेची जागा दिसते. अमेरिकेत एएमसी नावाची चित्रपटगृहांची मोठी साखळी आहे. २०२५ मध्ये तिने तिकिटे विकताना सरळ सूचना द्यायला सुरुवात केली की दिलेल्या वेळेनंतर २५ ते ३० मिनिटांनी चित्रपट सुरू होईल. जाहिराती कमी झाल्या नाहीत. पण खरे सांगितल्यामुळे प्रेक्षकाला निवड मिळाली. ज्याला ट्रेलर आवडतात तो वेळेवर येईल, ज्याला घाई आहे तो उशिरा येईल. सत्य सांगितले की चोरीचा बराचसा अंश आपोआप गळून पडतो. तिकिटावर दोन वेळा छापायला कोणत्याही कंपनीला फारसा खर्च येत नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहाराचा. जाहिराती नसतील तर तिकीट महागेल. यात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाकडे जातो. जाहिरात आणि खाद्यपदार्थांचे उत्पन्न मात्र चित्रपटगृहाकडेच राहते. त्या उत्पन्नावर दरवानाचा, सफाई कामगाराचा पगारही निघत असेल. म्हणून जाहिरात हे पाप आहे असे मी म्हणत नाही. किती वेळ आणि सांगून की न सांगता, एवढाच प्रश्न आहे. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. समजा, सभागृहात २०० माणसे आहेत आणि प्रत्येकाची २५ मिनिटे गेली. एकूण ५,००० मिनिटे, म्हणजे ८३ तासांहून जास्त. आठ तासांचा कामाचा दिवस धरला, तर दहा माणसांचा पूर्ण दिवस. हे एका खेळाचे. ताळेबंदात जाहिरातीचे उत्पन्न पैशासह दिसते, पण हे ८३ तास कोणाच्याच वहीत दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप चतुराईचा. त्यात काय, उशिरा जावे. बरेच लोक तसे करतातही. पण या युक्तीने काय शिकवले जाते ते पाहा. जो वेळेवर आला तो फसला आणि जो उशिरा आला तो शहाणा ठरला. अंधारात सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत तो येतो, आणि वेळ पाळणाऱ्याच्या शेजारी बसतो. घरी आपण मुलांना वेळ पाळायला सांगतो आणि बाहेरचे जग त्यांना वेळ पाळणे हा मूर्खपणा असल्याचे शिकवते. मला वाटते, वाया गेलेल्या मिनिटांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो सर्वांत विचार करण्यासारखा आहे. साधकाने तक्रार कशाला करावी? सहन करावे, डोळे मिटावेत, तेवढा वेळ नामस्मरण करावे. पंचवीस मिनिटे जप झाला तर जाहिरातदाराचे आभारच मानायला हवेत!

माझ्या मनातल्या क्षोभावर हा उपाय खरोखर चांगला आहे. तितिक्षा हा मोठा गुण आहे, आणि ज्याला तो जमतो त्याला कोणतीही जाहिरात लुटू शकत नाही. पण त्या सभागृहात मी एकटी नसते. माझ्या पुढच्या रांगेत एखादा मुलगा असतो ज्याला रात्रपाळीला जायचे आहे. मागे एखादी आई असते जिने तान्हे बाळ शेजारणीकडे ठेवले आहे आणि परतायची वेळ सांगून आली आहे. एखादे आजोबा असतात ज्यांची शेवटची बस ठरलेली आहे. माझे जे गेले ते मी सोडून देऊ शकते, ते माझे होते. त्यांचे जे गेले ते सोडून देण्याचा अधिकार मला कोणी दिला? स्वतःच्या नुकसानीबद्दलचे मौन ही क्षमा असू शकते. दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलचे मौन पुष्कळदा नुसती सोय असते. म्हणून मन शांत ठेवावे आणि त्या शांत मनानेच बोलावे. न रागावता, न ओरडता, पण बोलावे. दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात.

शांतता कोणासाठी?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०२५ मध्ये पीव्हीआर-आयनॉक्सनेच आपल्या काही महागड्या, ऐषारामी पडद्यांवर जाहिराती बंद करून फक्त ट्रेलर ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. वाचलेल्या वेळात जादा खेळ बसवता येतो, असाही त्यात हिशेब आहे. प्रयोग चांगला आहे. पण त्यातून एक नको असलेला प्रश्न डोकावतो. ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्याचा वेळ किमती आणि ज्याने साधे तिकीट काढले त्याचा वेळ फुकट, असे तर आपण मानू लागलो नाही ना? दिवसाचे चोवीस तास ही देवाने सर्वांना सारखीच दिलेली एकमेव संपत्ती आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक तास उद्योगपतीच्या एका तासापेक्षा लहान नसतो.

आता आपल्याकडे वळू या

चित्रपटगृहाकडे बोट दाखवणे सोपे आहे. तीच कसोटी आपल्या कार्यक्रमांना लावून पाहू. निमंत्रणपत्रिकेवर संध्याकाळी ६ लिहिलेले असते. प्रवचन कधी सुरू होते? आधी पाहुण्यांची वाट, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग ‘दोन शब्द’ बोलायला उठलेल्यांची वीस मिनिटे, मग देणगीदारांची नावे. कुठल्याही गावातल्या, कुठल्याही संस्थेच्या मंडळींना हे चित्र ओळखीचे वाटेल. यातले काहीच वाईट हेतूने होत नाही. पण खाली सतरंजीवर बसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजींच्या दृष्टीने पडद्यावरची मोटारगाडी आणि व्यासपीठावरचे सत्कार यांत फार अंतर राहत नाही. त्या प्रवचन ऐकायला आलेल्या असतात. त्यांनाही मध्येच उठता येत नाही, संकोच वाटतो. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची जागा तिथेही नसते.

घरातही तेच. सून कामाच्या गडबडीत असताना आपण तिला लांबण लावून गोष्ट सांगतो. सकाळ-संध्याकाळ शुभेच्छांचे पंधरा संदेश शंभर जणांना पाठवतो. दुकानदाराला बंद करायच्या वेळी बसवून ठेवतो. हाताखालच्या माणसाला ‘थांब जरा’ म्हणून तासभर उभे करतो, कारण तो ‘नाही’ म्हणू शकत नाही हे आपल्याला माहीत असते.

चार छोटे संकल्प

वाचकहो, विचार कृतीत उतरला नाही तर तो फक्त शब्दांचा खेळ होतो. म्हणून आपल्यापुढे चार गोष्टी ठेवते.

एक, आपल्या केंद्राच्या निमंत्रणावर दोन वेळा छापाव्यात. जमण्याची आणि मुख्य कार्यक्रम सुरू होण्याची. शक्य असेल तर संपण्याचीही. आणि एकच श्रोता आला असला तरी त्या वेळेला सुरुवात करावी.

दोन, कोणाचा वेळ घेण्याआधी विचारावे, “दहा मिनिटे आहेत का?” आणि दहा म्हटले तर दहाव्या मिनिटाला थांबावे.

तीन, चित्रपटगृहात असा अनुभव आला तर व्यवस्थापकाला सौम्यपणे विचारावे की चित्रपट नेमका किती वाजता सुरू होणार, आणि ती वेळ तिकिटावर का नाही. समाधान झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दादही मागता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिकीट जपून ठेवावे, वेळेची नोंद करावी, आणि कर्मचाऱ्यावर चिडू नये. जाहिराती किती दाखवायच्या हे तो ठरवत नाही.

चार, आठवड्यातून निदान दोन तास कोणाच्या तरी उपयोगाला द्यावेत, आपल्या इच्छेने आणि आनंदाने. आपण स्वतः वेळ द्यायला लागलो की दुसऱ्याचा वेळ घेताना हात आपोआप आखडतो.

सराफ्यात सोन्याचा कण तोलताना पंख्याचा वारासुद्धा काट्याला लागू देत नाहीत. दुसऱ्याचे मिनिट हातात घेताना आपण निदान तेवढी काळजी घ्यावी, एवढीच आपल्या सर्वांसाठी प्रार्थना.